आज: घोळ

विषय सक्तीचा होता, दोन क्रेडिटचा,
आणि मला फक्त हजेरी हवी होती.
प्रकल्पांच्या यादीत शेवटी उरलेला माझ्या वाट्याला आला:
वसतिगृहाच्या खानावळीत उष्टं किती जातं, मोजा.

कर्वे रस्त्यावरच्या भंगारवाल्याकडून
एक ताणकाटा आणला, उसना,
आणि रात्री नऊला बादल्यांपाशी उभी राहिले
नाकाला ओढणी लावून.
सोमवारी एकतीस किलो. मंगळवारी अठ्ठावीस.
बुधवारी पनीर होतं, तेव्हा नऊ.
गुरुवारी दुधी. काटा खालीच जाऊन बसला.
मैत्रिणी ताट उपडं करताना माझ्याकडे बघेनाशा झाल्या,
जणू मी त्यांच्या वह्या तपासत होते.

बादलीत एक अख्खी पोळी होती, घडीची घडी,
न उघडलेली.
कुणाची ते मला माहीत होतं.
माझी. दुपारची.

"दुधी येतो कुठून?" मी धोंगडेकाकांना विचारलं.
"टेम्पोतून," ते म्हणाले.
मग पहाटे चारला त्याच टेम्पोत बसून गुलटेकडीला गेले.
लसूण मध्य प्रदेशाचा, बटाटा आग्र्याचा,
सफरचंदांवर चिकटवलेले परदेशी गोल कागद,
आणि पाठीवर पोतं घेतलेला माणूस दर दोन मिनिटांनी
"ताई, बाजूला!"
मी बाजूला होत होत फाटकाबाहेर आले.

तिथे ठकूबाई मरळ बसल्या होत्या,
वेल्ह्याकडून पहिल्या एसटीनं आलेल्या,
ओल्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं काहीबाही घेऊन.
घोळ, तांदुळजा, पाथरी, कुर्डू.
बारावीला जीवशास्त्रात मला अठ्ठ्याण्णव होते.
चारातली एकही ओळखता आली नाही.
"हे पेरता कधी?"
"पेरत न्हाय बाय," त्या म्हणाल्या,
"नुसतं मुळासकट उपटत न्हाय."

त्याच आठवड्यात परीक्षेला प्रश्न होता,
शाश्वत विकास म्हणजे काय, पाच गुण.
मी पुस्तकातलीच व्याख्या लिहिली.
पाचांतले चार मिळाले.

धोंगडेकाकांना पटवायला सहा गुरुवार गेले.
"भाजी स्वस्त आहे गं, निवडणार कोण? बायका दोनच."
आम्ही निवडू, मी म्हणाले.
अकराजणी येते म्हणाल्या, दोघी आल्या:
तस्नीम शिकलगार, जिला माझी दया आली असावी,
आणि नंदुरबारची रमिला पाडवी,
जिची बोटं जुडीत शिरली आणि थांबलीच नाहीत,
कोवळं इकडे, जून तिकडे, देठ चिमटीत मोडून.
"तुला येतं?" तस्नीमनं विचारलं.
रमिला म्हणाली, येतं.
दोन वर्षं आम्ही एका मजल्यावर राहत होतो.
तिनं सांगितलं नव्हतं,
आणि का, ते आम्ही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर मी खडूनं लिहिलं:
आज: घोळ.
तासाभरात खाली कुणाचं तरी अक्षर:
तो तर रोजचाच.
अख्खी खानावळ हसली.
मीही हसले, पण शुक्रवारी.

त्या रात्री बावीस किलो.
दुधीपेक्षा कमी, पनीरपेक्षा कितीतरी जास्त.
सरांनी आलेख पाहिला, म्हणाले, निष्कर्ष काय?
मी म्हणाले, अजून मोजतेय.
प्रकल्प संपलाय, ते म्हणाले, आणि सही केली.

ताणकाटा अजून माझ्याकडेच आहे.
भंगारवाला दिसला की मी रस्ता ओलांडते.

पुढच्या गुरुवारी पहाटे ठकूबाईंनी विचारलं,
"पोरींनी खाल्ली का?"
खोटं बोलायचं ठरवूनच गेले होते.
"उरली," मी म्हणाले. "पुष्कळ उरली."
त्यांनी केळीच्या सोपटानं जुडी बांधली,
गाठ दातांनी ओढली.
"मीठ कमी पडलं आसंल," म्हणाल्या,
आणि दुसरी जुडी बांधायला घेतली,
पहिलीपेक्षा जरा जाड.